बारांपैकी दहा

"वरनं मार. असा, डोक्यावरनं. आन् हळू!"

हैबतराव हवालदारांनी सांगितलं तसा म्हसूनं लाकडी सुरीचा हात डोक्यावर नेला आणि बेतानं खाली आणला. हवालदारांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, उजव्यानं कोपर उचललं आणि एक पाऊल मागं घेतलं. सुरी मातीत पडली. पंचक्रोशीतल्या कुस्तीच्या एकाही फडात ज्याची पाठ लागली नव्हती तो म्हसू धनगर गुडघ्यावर आला. शाळेमागच्या पटांगणात बसलेल्या पंचवीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

बासष्ट सालचा डिसेंबर होता. चीनची लढाई नुकतीच थांबली होती. गावोगावच्या तरुणांना थोडंफार लष्करी शिक्षण द्यावं असा हुकूम तालुक्याहून आला, तेव्हा मुळशीत हैबतरावांशिवाय दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. मोठ्या लढाईत ते इटलीला गेले होते आणि तिथून आल्यावर चार वर्षं बेळगावात रंगरुटांना नुसत्या हातांनी लढायला शिकवत होते. त्यांनी तिकडे तीन जर्मन नुसत्या हातांनी मारले, असं गाव म्हणायचं. हैबतरावांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. पण कधी नाही म्हटलं, असंही नव्हतं.

वर्ग सुटला. म्हसूची आई कोंडाबाई कुंपणाशी उभी होती. बाकीचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते, ही तेवढी लेकासाठी मागं राहिली होती. पदर सावरत ती पुढं आली.

"हवालदार, शिमग्यानंतर म्हसू भरतीला जानार हाय. म्या त्याला आडवत न्हाई. पर त्यो म्हंतो, आबांनी शिकिवलंय, आता कुनाची सुरी आंगाला लागत न्हाई. खरं हाय का वो?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न हैबतरावांना कुणी विचारला नव्हता. रंगरूट विचारत नाही, आणि साहेबाला उत्तर ठाऊक असतं.

"परवा सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तव्याच्या बुडाची काजळी खरवडून तेलात कालवायला घेतली.

"अवो, सोंग काडायचंय का काय?" त्यांच्या बायकोनं, गोजराबाईंनी विचारलं.

"व्हय. माजंच."

अंगात धुतलेली पांढरी बंडी घालून ते घरामागच्या खळ्यावर गेले. म्हसूला बोलावणं गेलंच होतं. त्यांनी लाकडी सुरीला काजळी फासली आणि त्याच्या हातात दिली.

"आता मी सांगितलं तसं मारायचं न्हाई. तुला माजा राग आलाय आसं मार."

"तुमचा कसा राग यील, आबा?"

"तुज्या आयनं इचारलंय म्हनून सांगतोय. मार."

म्हसू जरा घुटमळला आणि मग त्यानं हात चालवला. तो डोक्यावरून आला नाही, खालून आला. हैबतरावांचा हात मनगटाकडे गेला तोवर मनगट तिथं नव्हतं. पोटावर काळा पट्टा उमटला. दुसऱ्या वेळी त्यांनी मनगट धरलं, पण म्हसूनं हिसडा देऊन हात सोडवला आणि त्याच हातानं बरगडीवर रेघ ओढली. सहा वेळा झालं. पाच डाग.

"माजं वय झालं म्हनून आसंल," हैबतराव धापा टाकत म्हणाले. "आता मी मारतो. तू आडव."

म्हसू बावीस वर्षांचा, पैलवान गडी. तरी पहिल्या चार वेळांत त्याच्या सदऱ्यावर चार डाग उठले. पाचव्या वेळी तो चिडला. खांद्यावरची घोंगडी ओढून त्यानं हवालदारांच्या हातावर फेकली आणि बांध ओलांडून पळून गेला. परत आला तो खाली मान घालून.

"चुकलं, आबा. पळालो."

"चुकलं न्हाई. तेवढंच बराबर केलंस."

सहाव्याला पुन्हा डाग पडला. बारांपैकी दहा. हैबतराव खळ्याच्या कडेला बसले. बंडीकडे बघत राहिले. म्हसू शेजारी उकिडवा बसला.

"आबा, मंग तितं इटलीत तुमी कसं केलं?"

गोजराबाई मागच्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. पाच वर्षांनी परत आलेल्या नवऱ्याला त्यांनीही हे कधी विचारलं नव्हतं.

"काय बी केलं न्हाई," हैबतराव म्हणाले. "नदीच्या काठी एक चर व्हता, पान्यानं भरल्याला. मी घसारलो तर तितं त्यो व्हता. येकच. बंदूक त्याच्याकडं न्हाई, माज्याकडं बी न्हाई. शिकल्यालं एक आठवलं न्हाई बग. मी त्याचं दोनी हात धरलं, त्यो माज्या खांद्याला चावला. आमी तसंच पडून. मंग त्याचा जोर कमी झाला. मला वाटलं मी जिकलो. बगतो तर त्याच्या पोटात आदीच गोळी गेल्याली. तुज्यायेवडाच आसंल. मेला तरी म्या हात सोडलं न्हाईत. लई येळ धरून बसलो. मंग आमची मानसं आली. ह्यो झटापटीतनं जित्ता आला म्हनून मला वस्ताद केलं. चार वर्सं पोरांना सांगत व्हतो, वरनं मार, हळू मार."

गोजराबाई उठल्या. तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं आणि बंडीचे बंद सोडू लागल्या.

"काडा ती. राकंनं धुती म्या."

सांगितलेला परवाचा दिवस उजाडला. हैबतराव स्वतः धनगरवाड्यावर कोंडाबाईकडे गेले. ती शेळीचं दूध काढत होती.

"कोंडाबाई, बारा येळा करून बगितलं. धा येळा सुरी लागली."

तिनं दुधाचं भांडं बाजूला ठेवलं.

"मंग शिकिवता कशापायी?"

"मानूस भिऊन जागच्या जागी थिजू नये म्हनून. तेवडा उपेग हाय. त्याच्यापरास ज्यास्त सांगितलं तर खोटं व्हईल."

"तुमी खोटं सांगितलं आस्तं तर मला झोप तरी लागली आस्ती," ती म्हणाली. मग भांडं पुन्हा जवळ ओढून, "दुसरं काय येतंय तुमास्नी?"

"वाकून पळायचं. कुटं आडुसा घ्यायचा. रगत बांदायचं. पडल्याल्या गड्याला पाटीवर घिऊन यायचं."

"त्ये शिकवा."

त्यांनी तेच शिकवलं. महिनाभर पोरं धरणाच्या बाजूच्या उतारावर एकमेकांना पाठीवर घेऊन वरखाली करत होती. जानेवारीअखेर तालुक्याचा साहेब तपासणीला आला. त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती.

"हवालदार, ती सुरी हिसकावण्याची प्रात्यक्षिकं दाखवा. लोकांना ती आवडतात."

"त्ये बंद केलं, साहेब. त्येचा भरवसा न्हाई."

"लष्कराच्या पुस्तकात दिलंय ते. तुम्ही जास्त शहाणे आहात का?"

"न्हाई साहेब. पर मी करून बगितलंय."

साहेबानं उतारावरची धावपळ पाच मिनिटं पाहिली आणि चहा न घेता तो निघून गेला. पंधरवड्यानं कागद आला. वर्ग दुसऱ्या माणसाकडे दिला होता. नव्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी सुरी हिसकावून दाखवली. टाळ्या हैबतरावांच्या घरापर्यंत ऐकू आल्या. इटलीची खरी गोष्टही गावात पसरली. ती त्यांनीच विचारेल त्याला सांगायला सुरुवात केली होती. चावडीवर कुणी हसलं, कुणी त्यांना हवालदार म्हणायचं सोडलं. ते भाताची खाचरं बघत राहिले.

पाकिस्तानची लढाई थांबल्यावर, पासष्टच्या नोव्हेंबरात, दुपारच्या गाडीनं, म्हसू पलटणीतून रजेवर आला. कोंडाबाई मेंढरांमागं ताम्हिणी घाटाखाली उतरली होती, तिच्याकडे पोचायला आणखी एक दिवस चालायचं होतं. तो ट्रंक घेऊन थेट हैबतरावांच्या ओटीवर आला. वाळला होता. गोजराबाईंनी भाकरी आणि हिरवी मिरची वाढली.

जेवता जेवता म्हसू म्हणाला, "आबा, सुरीच्या अंतरावर कुनी आलंच न्हाई. लांबनंच गोळं यायचं."

"हं."

"येकाला पाटीवर आनला. साताऱ्याकडला व्हता. मैल दीड मैल. खाली उतरिवला तर गेल्याला." त्यानं घास ताटातच ठेवला. "कवा गेला त्ये कळलंच न्हाई. मी आपला त्याच्यासंगं बोलतच व्हतो, आबा."

हैबतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बोलत व्हतास त्ये बरं केलंस," ते म्हणाले. "त्याला यकटं वाटलं नसंल."

म्हसूनं मान हलवली. उरलेली भाकरी खाल्ली, हात धुतला, आणि जरा टेकतो म्हणून ओटीवर आडवा झाला तो तसाच झोपला, पायातले बूटही न काढता.

लढाईवरून आलेला जवान बघायला माणसं येऊ लागली. ती अंगणात शिरली की ओटीच्या कडेला बसलेले हैबतराव हात वर करायचे.

"मागनं या. झोपलाय."

ऊन सरकत ओटीवर आलं, म्हसूच्या तोंडावर पडलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. हैबतराव उठले, बाजूला सरून पुन्हा बसले, आणि आपली सावली त्याच्या डोळ्यांवर नीट पडते आहे ना, ते वळून पाहिलं.