आधी व्याह्यांचा टँकर

पोहरादेवीच्या शाळेत सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली आणि यंत्र मुकं झालं.

एकोणऐंशी सालची रामनवमी. शाळेच्या आवारात पाण्याचे पाच टँकर, फाटकाबाहेर रिकाम्या घागरींची गर्दी, आणि वर्गात कॉम्प्युटरसमोर घाम पुसत उभा मानोऱ्याच्या माणिकचंद कापडवाल्यांचा इंजिनिअर मुलगा नेमीचंद. मागच्या जत्रेत टँकर अंदाजानं सोडले, झुंबड उडाली आणि एक म्हातारी चाकाखाली गेली. म्हणून यंदा हुकूम होता, कुठला टँकर कुठल्या तांड्याला याची यंत्रानं छापलेली चिठ्ठी मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

"बारापर्यंत थांबतो," तहसीलदार दारातून म्हणाले. "मग फाटक उघडतो. माणसं उन्हात किती वेळ ठेवू?"

"साहेब, मागच्यासारखं होईल!"

"मग चालवा की तुमचं यंत्र."

यंत्राचे दिवे तर धावत होते. पण त्याच क्रमानं, पुन्हा पुन्हा.

मूळ प्रोग्राम नेमीचंदनं मुंबईच्या एका संस्थेत यंत्राच्या भाषेत उतरवून कागदी फितीवर टोचून आणला होता. त्यात इथं टिंबही बदलता येत नव्हतं. पण तांड्यांची रीत मुंबईत बसून कोणाला कळणार? म्हणून त्यानं प्रोग्रामच्या पोटात एक छोटा दुभाषा बसवला होता. साध्या चार शब्दांच्या ओळी त्यानं वाचायच्या, तसं करायचं आणि सूत्रं परत मूळ प्रोग्रामकडे द्यायची. मदतनीस बाबूसिंगला त्यानं हे कीर्तनावरून समजावलं होतं. "अभंग बुवाचा ठरलेला असते. दाखला मात्र वाशीमले एक, आसेगावले दुसरा. दाखला संपला का बुवा अभंगावर येते."

"अन् दाखला संपलाच नाई त?" बाबूसिंग हसला होता.

आता कोणीच हसत नव्हतं. बाबूसिंगनं सकाळी तांडोतांडी फिरून नायकांचे, म्हणजे तांड्यांच्या प्रमुखांचे, पाण्याचे नियम चिठ्ठ्यांवर लिहून आणले होते, ते नेमीचंदनं न वाचताच भराभर फितीवर चढवले होते. आता तो एकेक चिठ्ठी उलटू लागला. सतरावी हेमसिंग नायकाची होती: दौलतसिंगच्या तांड्याले पाणी पोचल्याबिगर आमाले देऊ नये. बाविसावी दौलतसिंग नायकाची: हेमसिंगच्या तांड्याले पाणी पोचल्याबिगर आमाले देऊ नये.

नेमीचंदनं दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. दुभाषा या चिठ्ठीवरून त्या चिठ्ठीवर फिरत होता. इतक्या फेऱ्यांनंतर थांब, असं त्याला बजावणारं मूळ प्रोग्रामात काहीच नव्हतं. ते घालायचं काम नेमीचंदचं होतं, आणि त्यानं ते केलं नव्हतं.

"बाबूसिंग, दोघाइले घेऊन ये. धाव!"

त्यानं यंत्र बंद केलं आणि मूळ फीत नव्यानं भरायला लावली. तेरा मिनिटं लागणार होती. घड्याळात अकरा पस्तीस.

फीत खडखडत असतानाच दोन्ही नायक आले. मागून हेमसिंगची बायको रुपाबाई, कमरेवर घागर.

"नायक, एकानं आपला नियम मांगं घ्या," नेमीचंदनं हात जोडले. "नाई त एकाही तांड्याले पाणी भेटत नाई."

"मी काहून घेऊ?" हेमसिंग म्हणाला. "याच्या घरी पोरगी देल्ली म्या. पोरीच्या सासरच्याइच्या आधी पाणी पेऊ? तोंड कुठी दाखवू?"

"अन् मी?" दौलतसिंग उसळला. "ज्यानं पोटची पोरगी देल्ली, त्याले तहानला ठेवून मी पेऊ? व्याही, तुमी पहिले घ्या."

"नाई, तुमी."

"बाहेर लेकरं रडून राह्यली," नेमीचंदनं खिडकीकडे बोट केलं. "बाराले फाटक उघडलं का मानसं चाकाखाली जातीन!"

दोघांच्या माना खाली गेल्या. पण मागं कोणी हटेना. अकरा अठ्ठेचाळीस. मूळ फीत संपली.

"तुमच्या दोघाइच्या मानात मरू का आमी?" रुपाबाई कडाडली. "दोनी तांड्याच्या मंधात लिंबाचं झाड हाये. टँकर तेथ उभा करा. कोनाच्याच दारात नोको!"

नेमीचंदनं तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही ओळी खोडल्या. एक नवी ओळ लिहिली: लिंबाचं झाड, एक टँकर, दोन तांडे. एक अक्षर चुकलं, फीत फाडली, पुन्हा टोचली. बाराला चार मिनिटं कमी. नियमांची फीत सरकली, दिवे धावले, थांबले, पुन्हा धावले. बाहेर फाटकाच्या साखळीचा आवाज झाला.

"अरिहंता," तो पुटपुटला.

टाइपाचा दांडा खटकन आपटला. मग दुसरा. मग नुसता खडखडाट. पहिली चिठ्ठी नेमीचंदनं फाडली आणि अनवाणीच धावत सुटला. "साहेब, थांबा! चिठ्ठी! चिठ्ठी आली!"

तहसीलदारांचा हात साखळीवर होता. त्यांनी चिठ्ठी वाचली, गर्दी मागं सारायला लावली आणि एकच गाडी सोडली. माणसं जागेवर राहिली. आपल्या तांड्याचं नाव निघणार, हे त्यांना दिसलं होतं. मागं यंत्र छापतच होतं.

लिंबाखाली टँकर थांबला. तोटीपाशी दोन्ही व्याही आले आणि थबकले.

"घ्या, व्याही."

"तुमी घ्या."

रुपाबाईनं दोघांना कोपरानं बाजूला केलं आणि घागर तोटीखाली लावली.