गोट्यांवरची दुकानं

उत्कर्षाच्या तोंडातून मी गोटा ओढून काढला तेव्हा तिच्या ओठांना पिवळा रंग लागला होता.

"आबा, हे काय आहे?"

"आदर्श ड्रेसेस," सासरे चष्मा वर करून म्हणाले. "येरवडा बाजार. शहाऐंशी साल."

आबांनी पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. येरवड्यापासून नारायण पेठेपर्यंत त्यांचं अक्षर होतं. मग फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत कचरू पेंटरकडे कोणी फिरकेना. माझ्या नवऱ्याला, समाधानला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला आणि सासूबाई गेल्यावर आबांना इकडे आणलं. सोबत दोन पत्र्याच्या पेट्या आल्या, उरलेल्या ऑइलपेंटच्या डब्यांनी भरलेल्या.

सकाळी ते नदीवरून गुळगुळीत गोटे आणत. एकेका गोट्यावर दुकानावरून उतरवली गेलेली एकेक पाटी. अक्षरं मुगाच्या दाण्याएवढी, तरी प्रत्येकाला सावली. सोसायटीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. शोकेस भरलं, मग टीव्हीचं टेबल, मग खिडकीचा कट्टा. आता बाजार जमिनीवर उतरला होता आणि माझी मुलगी रांगत होती.

बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती माझी.

"आबा, या जुन्या रंगांत शिसं असतं. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो."

"समाधान याच डब्यांत लोळला. इंजिनिअर झाला तो. शिसं नसतं तर कलेक्टर झाला असता म्हणतेस?"

मी हसले नाही. दुपारी ते झोपले असताना सगळे गोटे पोत्यात भरले आणि पोतं बाल्कनीत ठेवलं. उठल्यावर त्यांनी रिकामं शोकेस पाहिलं आणि रंगाचा डबा घेऊन आपल्या खोलीत गेले.

उत्कर्षाचं रक्त तपासायला मुंबईला गेलं. ते आठ दिवस मी तिला सारखी हाका मारत होते. वळते का, किती वेळानं वळते. आबा वाटीत रंग घेऊन नवा गोटा रंगवत बसायचे, दार लावून.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा आबाही आले. उत्कर्षा त्यांच्या कोपराच्या बेचक्यात होती. रिपोर्ट चांगला होता. मला रडू फुटलं. डॉक्टर मात्र आबांच्या हाताकडे बघत होते.

"आजोबा, पंजा वर उचला बरं."

मनगट लोंबतच राहिलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. डाव्या हाताचा टेकू देऊन रंगवतो. वय झालं."

"ब्रशला टोक कसं करता तुम्ही?"

काय हा प्रश्न, अशा नजरेनं आबांनी पाहिलं आणि दोन बोटं ब्रशसारखी ओठांत धरून ओढली. "असं. दर अक्षराला."

मी हे दोन वर्षं रोज पाहत होते. त्यांच्या दातांवरचा पिवळा रंगसुद्धा पाहिला होता. त्या तोंडानं त्यांनी उत्कर्षाचा पापा घेऊ नये, एवढंच तेव्हा मनात यायचं.

आबांचंही रक्त मुंबईला गेलं. आठ दिवसांनी त्यातला शिशाचा आकडा डॉक्टरांनी दोनदा वाचला. रंगाला हात लावायचा नाही, भरती व्हायचं. हात परत येईल की नाही, आत्ता सांगता येणार नाही.

रिक्षात आबांनी विचारलं, "पोरीचं नक्की चांगलं आलं ना?"

"हो."

"मग झालं तर."

सोमवारी सरकारी हॉस्पिटलच्या खिडकीवर क्लार्कने फॉर्म सरकवला. आबांनी पेन घेतलं. पेन घरंगळून खाली पडलं. मी उचलून दिलं, पुन्हा पडलं. क्लार्कने न बघताच शाईचं पॅड पुढे केलं. "अंगठा द्या आजोबा."

"लिहिता येतं मला."

"येत असेल हो. मागं रांग बघा."

आबांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. मग अंगठा टेकवला.

मी रुमालानं शाई पुसायला गेले.

"राहू दे, कल्याणी," ते म्हणाले. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि खिशात ठेवून दिला.