प्रत्येक गाण्याला एकच जागा

विलासराव चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं स्टोअरला होते आणि एवढ्या काळात त्यांनी एक वॉशरसुद्धा हरवू दिला नव्हता. कंपनी गाड्यांच्या दारांची हँडलं बनवायची. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि 'उत्कृष्ट फाइव्ह एस' लिहिलेली काचेची ढाल मिळाली. फाइव्ह एस म्हणजे जपान्यांनी काढलेली आणि चाकणकरांच्या मानगुटीवर बसलेली शिस्त. प्रत्येक वस्तूला एक जागा, प्रत्येक जागेला एक नाव, नको ते बाहेर. लोक कंपनीतून दिवाळीला मिठाईचा डबा घरी आणतात, विलासरावांनी ही शिस्त आणली. थेरगावच्या दोन खोल्यांत मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलं होतं, फ्रीजवर 'फ्रीज'.

"माझ्यावर चिकटवायचं राहिलंय की," त्यांची बायको कस्तुरा म्हणाली होती. तेव्हा ती बोलायची.

बोलायची म्हणजे काय, गायची. विहाराच्या गायन पार्टीत कस्तुरा उभी राहिली की स्पीकरवाला आपणहून आवाज कमी करायचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल, सोळा दिवसांनी ऑपरेशन. घरात सगळे रडले. विलासरावही रडले, आणि मग त्यांनी स्टोअरच्या माणसाने करायचं ते केलं, साठा करून ठेवला. माइक विकत आणला, मुलीचा, मिनलचा, जुना लॅपटॉप काढला आणि सोळा दिवसांत कस्तुराची त्रेचाळीस गाणी भरून घेतली. काम चोख. प्रत्येक गाण्याआधी ते स्वतः माइक तपासायचे, "हॅलो, हॅलो, विलास बोलतोय, माइक चेक." मगच कस्तुराने तोंड उघडायचं.

ऑपरेशननंतर कस्तुरा पाटीवर लिहून बोलू लागली. त्यामुळे टोमणे कमी झाले नाहीत, फक्त पुसेपर्यंत समोर राहू लागले. संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती लॅपटॉपकडे बोट करायची. विलासराव एक गाणं लावायचे. रोज एकच. तव्यावर भाकरी फुगायची आणि कस्तुराचे ओठ बरोबर हलायचे. दिवसातली तेवढी चार मिनिटं पाटी कोरी असायची.

बंगळुरूहून मिनल आली तेव्हा तिने ते पाहिलं.

"पप्पा, याचा बॅकअप कुठंय?"

"तो काय असतो?"

तिने बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणून दिली आणि कागदावर चार पायऱ्या लिहिल्या. दर रविवारी डिस्क जोडा. 'गाणी' फोल्डर कॉपी करून डिस्कवर टाका. त्रेचाळीस मोजा. डिस्क नीट काढून कपाटात ठेवा. विलासरावांनी त्याचा रीतसर तक्ता केला, तारीख, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. करणारे विलासराव, तपासणारी कस्तुरा. त्यात त्यांनी स्वतःची एक पाचवी पायरी घातली, कारण चारवर संपणारी शिस्त त्यांना अर्धवट वाटायची.

एकाहत्तर रविवार असे गेले. बहात्तराव्याच्या आधीच्या बुधवारी लॅपटॉप सुरू झाला नाही.

डांगे चौकाजवळ मुबीनचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने लॅपटॉप पालथा घातला, पाठ उघडली, इकडेतिकडे तारा लावून पाहिल्या.

"काका, वाईट बातमी. आतली डिस्क गेली. चिपवाली आहे, ही जळाली की मागे राखसुद्धा सोडत नाही."

"जाऊ दे," विलासराव म्हणाले. "बॅकअप आहे."

मुबीनने हातातला चहा खाली ठेवला. "बॅकअप? गिऱ्हाइकाच्या तोंडून बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. थांबा, तुमचा फोटो काढू द्या."

विलासरावांनी फोटो काढू दिला. मग पिशवीतून डिस्क काढली. वर लेबल, 'हार्ड डिस्क'. मुबीनने ती जोडली. 'गाणी' फोल्डर उघडलं. आत त्रेचाळीस फायली, एक ते त्रेचाळीस, ओळीत. मुबीनने सतरावी उघडली. गाणं लागलं नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या:

'माल इथे नाही. मूळ जागा: लॅपटॉप, फोल्डर गाणी. नग १. आवाज उत्तम. तिसऱ्या कडव्यात खोकला, तरी गाणे पूर्ण.'

"काका, हे काय?"

"बिन कार्ड. रॅकमध्ये माल नसला की तो कुठंय, ते त्यावर लिहितात."

"आणि माल?"

"लॅपटॉपमध्ये."

दोघांनी लॅपटॉपकडे पाहिलं. तो पाठ उघडी टाकून पडला होता.

"दर रविवारी कॉपी करायचो," विलासराव सावकाश म्हणाले. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आली की नाही, मोजायचो. मग पाचवी पायरी, डिस्कवरची काढून टाकायचो."

"का पण?"

"दोन ठिकाणी व्हायची ना. एक वस्तू दोन ठिकाणी म्हणजे कुणाची तरी चूक."

मुबीनला उमेद आली. "हरकत नाही. डिलीट केलेलं पुष्कळदा परत येतं. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे."

"डिलीट नाही केली," विलासराव म्हणाले. "नष्ट केली. कंपनीत रिजेक्ट हँडल तसंच भंगारात टाकत नाहीत, नाहीतर ते मार्केटमध्ये जातं. आधी चेचतात. मी पण नेटवरून त्याचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. सात वेळा चेचतं."

"सात वेळा."

"तीनचाही पर्याय होता."

"काका, माझ्याकडे लोक चहा सांडून येतात, लॅपटॉपवर बसून येतात. एवढ्या शिस्तीत आजवर कुणी आलं नव्हतं."

डिस्कवर आणखी एक फोल्डर होतं, 'लाल टॅग'. कंपनीत नको असलेल्या वस्तूंना लाल टॅग लावून एका कोपऱ्यात ठेवतात. विलासरावांनी लॅपटॉपमधला कचरा तिथे हलवला होता. कचरा एकाच ठिकाणी असल्यामुळे तो चेचायचा प्रश्नच आला नव्हता. मुबीनने त्यातली पहिली फाइल लावली आणि खरोखरचा आवाज दुकानभर घुमला.

"हॅलो, हॅलो, विलास बोलतोय, माइक चेक."

असे त्रेचाळीस.

मिनल फोनवर आधी ओरडली, मग म्हणाली, "पप्पा, तेव्हाच मला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हटलं होतं."

"पावतीवर सही केल्याशिवाय माल बाहेर जात नाही," विलासराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनी फोन ठेवला.

मग ते गायन पार्टीतल्या सगळ्यांकडे फिरून आले. ढोलकीवाल्या दत्तोबाच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ निघाला. पण मोबाइल ढोलकीवर ठेवूनच दत्तोबा वाजवत होता, त्यामुळे त्यात मंडपाचं छत आणि भूकंप एवढंच होतं.

कस्तुराला सांगावं लागलं. तिने पाटीवर लिहिलं, 'सगळी?'

विलासरावांनी मान हलवली.

तिने पाटी पुसली. कपाटातून तक्ता काढला. तपासणाऱ्याच्या रकान्यात तिच्या एकाहत्तर सह्या होत्या. त्यांवरून बोट फिरवत ती तळापर्यंत आली. मग लिहिलं, 'मी न बघता केल्या.' त्या संध्याकाळी तिने भाकऱ्या केल्या. फक्त भाकऱ्यांचाच आवाज होता, आणि ओठ हलले नाहीत.

शनिवारी मुबीनने लॅपटॉपमध्ये नवीन डिस्क बसवली आणि बॅकअपचं 'गाणी' फोल्डर परत त्यावर उतरवलं. दीड सेकंदात झालं. पडद्यावर आलं, 'पूर्ण. एकही चूक नाही.'

पुढे आठवडाभर विलासराव कानाला हेडफोन लावून स्वतःलाच ऐकत बसले. हॅलो, हॅलो. त्रेचाळीसही माइक चेक, पुन्हा पुन्हा. एवढ्या वेळा कस्तुरा शेजारी बसली होती, कधीतरी बोलली असेल, हसली असेल. पण ते स्वतःचं झालं की लगेच बटण दाबायचे. चोख काम. फक्त एकतिसाव्यात, 'चेक' नंतर, बटणाच्या आधी, कुणीतरी खाकरलं होतं. जेमतेम एक सेकंद.

त्यांनी हेडफोन कस्तुराच्या कानाला लावला. तिने ऐकलं. पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा ऐकलं. मग लिहिलं, 'हे तुम्ही आहात.'

"नाही गं. मी असा खाकरत नाही."

त्यांनी खाकरून दाखवलं. तिने पाटी तशीच धरून ठेवली. तिला खाकरून दाखवायला सांगायची सोय नव्हती.

रविवारी विलासरावांनी डिस्क जोडली. 'लाल टॅग'मधला एकतीस नंबर लॅपटॉपमध्ये कॉपी केला. आता तो दोन ठिकाणी होता. त्यांचा हात सवयीने पाचव्या पायरीकडे गेला, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. तक्त्यात नवी ओळ लिहिली, 'कस्तुरा, खाकरणे, नग २.' करणाऱ्याची सही केली आणि तक्ता तिच्यापुढे सरकवला.

या वेळी कस्तुराने तपासलं. हेडफोन लावून, डोळे मिटून, पाच-सहा वेळा. कंपनीत माल चांगला की वाईट हे ठरत नाही तेव्हा त्यावर 'होल्ड'चा पिवळा टॅग लावून तो बाजूला ठेवतात. मग कुणी काही ठरवत नाही आणि तो वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. एकतीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकून कस्तुराला तो शब्द पाठ होता.

तिने सहीच्या जागी लिहिलं, 'होल्ड'. मग ती पीठ मळायला उठली.