धुऱ्यावरची मुसळी

माझी बायको वच्छला गेल्याचं कळलं तेव्हा मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शेजारच्या यादोरावाशी भांडत होतो.

ती आठ दिवसांपासून भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती. मुलगी दीपमाला तिच्याजवळ होती. मी कपडे न्यायला गावी करडीला आलो आणि आधी धानाच्या बांधीकडे गेलो, कारण वच्छलानं विचारलं होतं, "मुसळीले फुलं आले का?"

यादोरावाच्या आणि आमच्या बांधीमधल्या धुऱ्यावर तिनं पंधरा वर्षं काळी मुसळी, औषधी कंदाचं झाड, राखली होती. फूल पिवळं, नखाएवढं, जमिनीला चिकटून. फूल नसलं की गवतच वाटते. पावसाळ्यात भोवतालचं गवत ती विळ्यानं कापायची, जनावर फिरकू द्यायची नाही. कंद काढला तर कोंबाकडचा तुकडा परत मातीत लावायची.

धुरा तणनाशकानं करपला होता.

"काहून मारलं बे?"

"गवत कमरेएवढं होतं. सापाचं घर झालं होतं."

"वच्छलाची मुसळी दिसली नाही तुले?"

"मले मुसळी अन् गवत सारखंच. अन् तूच त..."

तेवढ्यात फोन वाजला. दीपमाला नुसती रडत होती.

तेराव्या दिवशी, तेरवीला, यादोराव पंगतीत बसला. मी त्याच्या पुढची पत्रावळ उचलली. "बाईनं राखलेलं जाळलं यानं. माह्या घरचा घास याले नको." सगळं गाव पाहत होतं. तो उठला, चप्पल घातली, गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको शकुंतलाबाई माझ्या घरामागच्या वाडीत आली. पदरात चार कंद होते.

"धुरा खोदून काढले त्यायनं. घट्ट आहेत."

"ठेव तिकडं."

"भाऊ, फोनवर तुम्हीच म्हणलं होतं. माह्याही बाजूनं मारून टाक, मी दवाखान्यात हावो."

"जाय आता."

ती गेली. मी म्हणालो होतो. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून म्हणालो होतो, आणि मुसळी मला आठवलीसुद्धा नव्हती. तणनाशक मारायचं तर शेजाऱ्याला सांगायचं, दोघांचा धुरा एका पंपात होऊन जातो. आमच्याकडं तसंच करतात.

कंद मी वाडीत लावले, कोंब वर ठेवून. दोन सडले. उरलेल्या दोनांना पान आलं आहे.

यादोराव समोरून आला की मी अजून तोंड फिरवतो. धुरा त्यानंच जाळला असं गाव म्हणते. मारायला मीच सांगितलं होतं, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.