मलकेरिनबाई जेवायला आली

जुलैत आमच्याकडे, आयर्लंडच्या कॉनेमारात, जेवायच्या वेळी दारं लागतात. जुने बटाटे संपलेले, नवे अजून जमिनीत. ताटात काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून दार लावायचं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, तरी त्या वेळी कोणी कोणाकडे जात नाही.

त्या दुपारी दारावर थाप पडली. पाहते तर ब्रीनी मलकेरिन. तिच्या मुलासाठी आमच्या ओनोराचं बोलणं चाललं होतं, आणि ही बाई न कळवता सहा मैल चालत आली होती. कशाला, ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. लोण्याला वास येतो म्हणून आधीची एक मुलगी तिने नाकारली होती.

चुलीवर रानमोहरीचा पाला शिजत होता, मूठभर ओटचं पीठ लावलेला. ओनोराने मला मागच्या दारी ओढलं.

"आई, चार रोपं उपटते. बारके का होईनात, बटाटे निघतील."

महिन्याच्या शेवटच्या रविवारआधी नवा बटाटा काढणाऱ्या बाईला घर चालवता येत नाही, असं मी स्वतःच जन्मभर दुसऱ्यांना नावं ठेवत आले होते. आणि पाला वाढावा, तर पोरीचं जमत आलेलं लग्न मोडणार. पण कोवळी रोपं उपटली तर हिवाळ्यात खायचं काय?

"फावडं ठेव," मी म्हटलं. "आहे तेच वाढ."

ब्रीनी खाली मान घालून जेवली. आलीच कशाला मेली, असं मी मनात म्हणत होते. तिने वाडगा पुढे केला, ओनोराने पुन्हा वाढलं. तेही संपलं. तिसऱ्यांदा डाव पातेल्याच्या तळाला लागला, तेव्हा कुठे तिने वाडगा मागे घेतला.

"तुमच्यात पीठ तरी आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सोमवारपासून तेही नाही. पोरगा म्हणतो, लग्न होईपर्यंत बोलू नकोस. मला ते बरं वाटेना. मुलगी देण्याआधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगायला आले. आणि बघा, आधी जेवूनच बसले."

तिला खूप लाज वाटत होती. मलाही वाटली, माझ्या मनातल्या शिव्यांची.

मी पिठाचं मडकं खाली काढलं. तळाशी चारपाच ओंजळी असतील. निम्मं पीठ ताटलीत घेतलं.

"शाल पसरा, विहीणबाई," मी म्हटलं.