घड्याळांना चावी कोण देतंय

सिमेंटशेठ ठाण्यात आला तो बाकावर बसलाच नाही. थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि पाच मिनिटांत आतून हवालदारबाईंना हाक आली.

"यांचे वडील हरवलेत," साहेब म्हणाले. "ती गल्ली तुमच्याच बीटमध्ये येते ना? बघा जरा. घरचंच काम समजा."

सिमेंटशेठचे डोळे भरून आले होते. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचे, सगळं गाव त्यांना घड्याळकाका म्हणायचं. गेल्या आठवड्यात गुरुवारी सकाळी दुकानात जातो म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. आज शुक्रवार, म्हणजे नववा दिवस.

"नऊ दिवस काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या नातेवाइकांकडे शोधलं. गावात उगाच बोभाटा नको म्हणून..." त्याने रुमाल काढला. "हल्ली त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं हो. काहीही बोलतात, कोणावरही आळ घेतात. कुठे पडले-झडले असतील तर..."

बाईंना त्याची कीव आली. माणूस गावात वजनदार होता, नागरिक सुरक्षा समितीवर होता, ठाण्यातल्या थंड पाण्याच्या यंत्रावर त्याच्याच सिमेंटच्या दुकानाचं नाव होतं. तोही बापासाठी रडतोय म्हटल्यावर त्यांनी वही उचलली आणि गल्लीत गेल्या.

गल्ली त्यांच्या घरापासून दोनच वळणांवर होती. दीड वर्षापूर्वी त्या बदलीवर सासरच्या गावी आल्या होत्या. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून एखादा दिवस घरी. एरवी घरात त्या आणि सासूबाई. गाव सासूबाईंचं होतं, बाईंचं अजून झालं नव्हतं. त्या गल्लीत शिरल्या की बोलणी थांबायची. गणवेशाला लोक असेच वागतात म्हणून त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

इस्त्रीवाल्याने शर्टावरची नजर न काढता सांगितलं, "गुरुवारी सकाळी पाहिलं की. पिशवी घेऊन बसस्टँडकडे चालले होते."

बेकरीवाली म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी. रिक्षात बसले. बहुतेक मोठ्या लेकीकडे गेले असतील."

"त्यांना मुलगी नाही," बाई म्हणाल्या.

"पुतणी असेल मग." बेकरीवालीने पावांचे ट्रे उगाचच एकावर एक रचले, परत खाली काढले.

शेवटच्या घरात सरकारी दवाखान्यातली नर्स राहायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. ती दारातच उभी राहिली. "मला ड्युटीतून मान वर करायला वेळ नसतो. मी कोणाला बघणार?" आत या म्हणाली नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही.

अठरा वर्षांच्या नोकरीत बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. खरं सांगणारा माणूस अडखळतो, आठवतो, मागचं पुढे करतो. या गल्लीत मात्र प्रत्येकाचं उत्तर तोंडावर तयार होतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाट हार्डवेअरच्या दुकानावरून जात होती, तिथे सहज विचारलं तर कळलं, बेकरीवालीने गुरुवारी दुपारी एक भलंमोठं कुलूप विकत नेलं होतं. आणि घड्याळकाकांच्या शटरला लागलेलं कुलूप कोरं करकरीत होतं. बेकरी आणि घड्याळाचं दुकान यांच्यामधल्या भिंतीवरून दोघांची जुनी कुरबूर होती, हेही दुकानदारानेच सांगितलं.

रात्री जेवताना बाईंनी विषय काढला. "आई, घड्याळकाका तुमच्या ओळखीचे होते ना?"

"होते म्हणजे?" सासूबाईंचा घास हातातच राहिला. "आहेत. ओळखीचे आहेत. गावात कोण कोणाला ओळखत नाही?"

"कुठे गेले असतील?"

"मला काय विचारतेस! पोलीस तू का मी?" सासूबाई उठल्या आणि घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला लागल्या. फळीवर तीन पुडांचा डबा नव्हता. बाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टरला दिलाय. तिच्याकडे कोणी आजारी आहे."

बाई त्या रात्री कूस बदलत राहिल्या. ज्या घरात आपण जेवतो तिथल्या माणसावरही आपण संशय घेतोय, याची त्यांना लाज वाटली.

शनिवारी सकाळी त्या सिमेंटशेठला घेऊन दुकानापाशी गेल्या. त्याच्याकडची किल्ली नव्या कुलपात शिरेना.

"तोडतो मी हे," तो म्हणाला. काल रडणारा माणूस आज एकदम घाईवर आला होता.

"थांबा." बाईंनी शेजारच्या खिडकीच्या काचेवर हात धरून आत पाहिलं. भिंतभर घड्याळं. लंबकाची, गोल, चौकोनी, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावलेली. आणि लंबक हलत होते. सगळे.

"ही चावीची घड्याळं आहेत ना?"

"हो. बाबांना सेलवाली आवडत नाहीत."

"आमच्याकडे असंच एक होतं. पूर्ण चावी दिली तरी आठ दिवस चालतं, मग बंद पडतं. आज दहावा दिवस आहे, शेठ. कोणीतरी आत येऊन चावी देतंय. कुलूप तोडलंत तर तो सावध होईल. मी पाळत ठेवते."

सिमेंटशेठने बराच वेळ काचेतून पाहिलं. मग वळून हसला. "हुशार आहात, बाई."

बाईंना बरं वाटलं. नोकरीत असं कोणी क्वचितच म्हणायचं.

समोर वरच्या मजल्यावर वाचनालय होतं. दुपारी अडीचला बाई साध्या साडीत तिथल्या खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसल्या. गल्ली जेवून आडवी झाली होती. तीनला दहा कमी असताना दुकानाच्या मागच्या बोळातून एक बाई आली, इकडे-तिकडे पाहिलं, कमरेची किल्ली काढली. डोक्यावरून घेतलेला पदर किल्ली फिरवताना घसरला. हातातलं वर्तमानपत्र चुरगळलं तरी बाईंना कळलं नाही.

त्या सासूबाई होत्या. गुडघे धरलेत म्हणून सकाळी भाजी आणायलाही न गेलेल्या सासूबाई.

दहा मिनिटं त्या आत होत्या. बाहेर आल्या, कुलूप ओढून पाहिलं, आणि झपझप गल्लीच्या टोकाला गेल्या. बाई जिना उतरून अंतर ठेवून मागे निघाल्या. डोक्यात नको नको ते येत होतं. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट करून हे सगळे मिळून लपवताहेत? आणि माझ्या घरातलं माणूस त्यात आहे? उद्या साहेबांना काय सांगू? नवऱ्याला काय सांगू?

सासूबाई सिस्टरच्या घरात शिरल्या. दार लागायच्या आत बाईंनी पाय मध्ये घातला.

"आई, बाजूला व्हा."

आतल्या खोलीत खिडकीपाशी घड्याळकाका बसले होते. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा. समोर एक उघडलेलं मनगटी घड्याळ आणि तीन पुडांचा डबा. त्यांनी वर पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. सिस्टर येऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"काका, तुमचा मुलगा तुम्हाला नऊ दिवस..."

"माहीत आहे," काका म्हणाले. "हात त्यानेच मोडलाय."

सिमेंटशेठला दुकानाची जागा स्वतःच्या नावावर करून हवी होती. काका सही करत नव्हते. बुधवारी त्याने हात धरून पिरगळला. "बाबा, उजवा ठेवलाय, सहीसाठी," असंही म्हणाला. रात्रभर ते हात उशीवर ठेवून बसले आणि सकाळी दुकानाच्या नावाने निघून सरळ दवाखान्यात गेले. तिथे सिस्टर भेटली. मुलाला दुकानात शिरता येऊ नये म्हणून बेकरीवालीने नवं कुलूप लावलं, आणि घड्याळं बंद पडू नयेत म्हणून सासूबाई चावी द्यायला जायच्या.

"ठाण्यात का आला नाहीत?" बाईंचा आवाज चढला. "कायदा कशासाठी आहे? गल्लीभर खोटं बोलत सुटलात ते!"

सासूबाईंनी मान फिरवली. मग काकाच म्हणाले, "आलो होतो. हात मोडायच्या आधीच, दोनदा. पहिल्यांदा साहेबांनी मला बसवलं, चहा दिला आणि त्यालाच फोन करून बोलावून घेतलं. घरी गेल्यावर काय झालं ते जाऊ दे. दुसऱ्यांदा आलो तेव्हा टेबलावर तुम्ही होतात."

"मी?"

"तुम्ही लिहीत होतात. वर पाहिलं नाहीत. 'काका, घरातली भांडणं घरात मिटवा' म्हणालात. मी गेलो."

बाईंना आठवेना. खूप ताण दिला तेव्हा एक आवाज आठवला, टेबलाच्या पलीकडचा, पुन्हा पुन्हा घसा खाकरणारा. चेहरा आठवत नव्हता, कारण पाहिलाच नव्हता. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हणून तुला सांगितलं नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तू वाईट नाहीस गं. पण तू साहेबांना सांगितलं असतंस आणि साहेबांनी त्याला."

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. सिमेंटशेठ आत आला होता. "धन्यवाद हं, बाई. मीपण समोरच्या चहाच्या टपरीत बसलो होतो. तुमच्या मागोमागच आलो." तोच हसरा चेहरा. घड्याळांचं गुपित त्यांनीच त्याला सांगितलं होतं, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन.

"चला बाबा. घरी चला."

काकांनी प्लास्टरचा हात छातीशी ओढून घेतला. बाई उठल्या आणि खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"ते येणार नाहीत."

सिमेंटशेठने वाद घातला नाही. फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि फोन बाईंच्या हातात दिला. साहेब म्हणाले, "सापडले ना? छान. मुलाच्या ताब्यात द्या आणि कागद बंद करा."

"साहेब, ते हरवलेच नव्हते. सज्ञान माणूस आहे, स्वतःच्या मर्जीने इथे राहतोय. ताब्यात द्यायला तो काही पिशवी नाही. आणि त्यांची तक्रार आहे. हात मोडल्याची."

"घरगुती मामला आहे, बाई."

"मीपण तसंच म्हणाले होते, साहेब. एक्सरे आहे, दवाखान्याचा कागद आहे. मी इथेच बसून जबाब लिहून घेते." बाईंनी फोन परत दिला.

"याचं काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?" सिमेंटशेठ म्हणाला. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"फाटकाच्या बाहेर उभे राहा. नाहीतर ठाण्यात चला माझ्याबरोबर."

तो बाहेर गेला, पण फाटकाला टेकून उभाच राहिला. बाईंनी काकांचा जबाब शब्द न् शब्द लिहिला. या वेळी त्या मधून मधून वर बघत होत्या. साक्षीदारांच्या सह्यांची वेळ आली तेव्हा गोंगाट ऐकून मागच्या दारी गल्ली गोळा झाली होती, पण पुढे कोणी होईना. नऊ दिवस बिनदिक्कत खोटं बोललेली माणसं खऱ्यावर सही करायला कचरत होती.

"बाई, तुमची बदली होईल," इस्त्रीवाला म्हणाला. "माझी टपरी इथेच राहायची आहे. आज सही केली की उद्या ती अतिक्रमणात जाईल."

बाईंनी त्याला बळजबरी केली नाही. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. सिस्टरने सही केली. मग बेकरीवाली पदराला हात पुसत पुढे आली. "ती भिंत माझीच आहे, काका, ते मी सोडणार नाही," ती म्हणाली आणि ठळक अक्षरात सही केली. सासूबाईंनी चष्मा मागवला, सगळा कागद वाचून काढला, एक चूक दाखवली आणि मग खाली नाव लिहिलं.

गुन्हा नोंदवला गेला, कारण दवाखान्याने दुखापतीच्या कागदाची प्रत वरच्या कार्यालयात आधीच पाठवली होती आणि साहेबांना तो दडपता आला नाही. सिमेंटशेठ दोन दिवसांनी जामिनावर सुटला. कोर्टाने त्याला दुकानाच्या आणि वडिलांच्या आसपास फिरकू नको म्हणून बजावलं. समितीतून मात्र त्याला कोणी काढलं नाही. बाईंकडून बीट काढून घेतलं आणि त्यांना मागच्या खोलीत जुन्या फायलींवर बसवलं. नवऱ्याला हे फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई नऊ दिवस माझ्याशीही खोटं बोलली म्हणजे!"

घड्याळकाका सिस्टरच्याच घरी राहिले. दुकान सकाळचे तीन तास उघडायचं. इस्त्रीवाला अजूनही बाईंशी बोलताना शर्टाकडेच बघायचा. बाईही गल्लीतून जाताना प्रत्येक चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघायच्या. कोण काय दाबून ठेवतंय कोण जाणे.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी दारावर कोणीतरी हलकेच टकटक केलं. बाई आत केस विंचरत होत्या. सासूबाईंनी दार फक्त वीतभर उघडलं. बाहेर एक अनोळखी तरुण बाई उभी होती, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"हवालदारबाई इथेच राहतात का?"

"काय काम आहे?"

"त्यांनाच सांगायचंय. ठाण्यात नाही जायचं मला."

"तुला कोणी पाठवलं?"

"बेकरीवालीने."

"तिच्या नवऱ्याचं नाव काय?"

तिने सांगितलं. सासूबाईंनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, तिच्या हातांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, आणि मग दार अंगभर उघडलं.

"ये. चहा ठेवते. ती येईल आता, आणि तू बोलताना ती वर बघत नसेल तर मला हाक मार."