आधारला जोडलेला नंबर

पौडच्या ई-सेवा केंद्रात गंगू नवऱ्याच्या मागं उभी राहून कॉम्प्युटरकडं टक लावून बघत होती. धरणाकाठच्या रिसॉर्टवर गोरखला बोटी सांभाळायचं काम मिळालं होतं. करारावर आधारची ई-सही पाचच्या आत हवी होती, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. साडेचार झाले होते.

केंद्रातल्या उत्कर्षानं बटण दाबलं. "कोड गेलाय. नंबरचे शेवटचे आकडे चार-चार-एक-सात. मोबाइल बघा."

गोरखचा मोबाइल गप्पच. गंगूच्या मात्र अंगाची लाही लाही झाली. लग्नानंतर नवऱ्याच्या खिशात सापडलेल्या चिठ्ठीवर हाच तर नंबर होता. लवळ्याच्या शारदाचा! तिच्याशी मोडलं, मग गंगूशी ठरलं. चिठ्ठी तेव्हाच चुलीत गेली, पण आकडे काही डोक्यातून गेले नाहीत.

"आधार काढलं तवा माज्याकडं फोन नव्हता," गोरख पुटपुटला. "तिचा दिला."

"आन् बारा वर्सं बदलायचं सुचलं न्हाई, व्हय?"

"कोडचं काम कवा पडलं? रेशनला अंगठा चालतोय की."

उत्कर्षा म्हणाली, "नंबर तुमचाच लागतो. सही ज्याची, कोड त्याच्याच ताब्यात हवा. दुसऱ्याच्या मोबाइलवरचा कोड घातलात आणि उद्या कुणी हरकत घेतली, तर सही टिकायची नाही. नंबर बदलून घ्या, चार दिवस लागतील."

"चार दिवस कोण थांबतंय? शारदीला फोन करून कोड इचारतो."

शारदी! बारा वर्षांनीसुद्धा याच्या तोंडी ते नाव कसं मऊ येतं, ते गंगूनं बरोबर हेरलं.

"मी करते," म्हणत तिनं त्याच्या हातातला मोबाइल ओढला आणि ती बाहेर गेली. नंबर कुणाला विचारावा लागला नाही.

"गोरखची बायको बोलतीय. आत्ता एक कोड आलाय बग."

"व्हय, आलाय." शारदानं सहाही आकडे सावकाश सांगितले. मग म्हणाली, "बरं झालं बाई. त्याच्या आधारला लागलंय म्हणून हे सिम मी बंद केलं न्हाई. म्हणलं, कवातरी लागंल त्याला."

गंगूनं फोन कापला. बारा वर्षं ही बया त्याच्यासाठी रिचार्ज मारतेय! एवढं कधी आपण केलं का, असा विचार आला आणि तिला आणखीच राग आला.

आत येऊन ती म्हणाली, "लागतच न्हाई. बंद पडलाय त्यो नंबर."

उत्कर्षानं घड्याळाकडं बघितलं. गोरखचा चेहरा खर्रकन उतरला.

"बंद?" तो म्हणाला. "ती बरी हाय ना?"